फोन दिवाणखान्यात, गजर उशापासून दूर: एका साध्या घड्याळाचे परीक्षण

सकाळ शांत व्हावी म्हणून विकत घेण्यासारख्या वस्तूंची बाजारात आज वाण नाही. पहाटेसारखा उजेड हळूहळू वाढवणारे दिवे मिळतात, झोपेची नोंद ठेवणारे मनगटी पट्टे मिळतात, ध्यान शिकवणारी आणि दरमहा वर्गणी मागणारी अ‍ॅपही मिळतात. प्रस्तुत परीक्षणाचा विषय मात्र एका पेन्सिल सेलवर चालणारे, तळहातावर मावेल एवढे, प्लॅस्टिकच्या चौकटीतले गजराचे घड्याळ आहे. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानात ते चारशे रुपयांच्या आत मिळाले. अशी घड्याळे अनेक कंपन्या करतात आणि त्यांची रचना जवळजवळ सारखीच असते, त्यामुळे पुढचे विवेचन एका कंपनीपेक्षा या जातीच्या घड्याळाला अधिक लागू पडते.

घड्याळ हवे होते ते वेळ कळावी म्हणून नव्हे, तर फोन निजायच्या खोलीतून बाहेर जावा म्हणून. गजरासाठी फोन उशाशी ठेवला की तो बंद करताना हात पडद्यावर जातो, पडद्यावर रात्रभरात साचलेले संदेश दिसतात, आणि अंथरुणातून उठण्याआधीच सोसायटीच्या गटातील पाण्याच्या टँकरचा वाद आपल्या डोक्यात सुरू होतो. या घड्याळाला गजर वाजवण्यापलीकडे काहीही येत नाही, आणि नेमक्या याच कारणासाठी ते चारशे रुपयांना स्वस्त वाटते.

आता यंत्राविषयी. आत क्वार्ट्झचा स्फटिक आहे. तो सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो आणि त्यावरून काटे चालतात, त्यामुळे वेळेबाबत तक्रारीला जागा नाही. गजराची गोष्ट वेगळी आहे. तासकाट्याचे चाक गजराच्या काट्याने ठरवलेल्या जागी आले की गजर वाजतो. ते चाक तासाला 30 अंश फिरते, म्हणजे एक अंश सरकायला दोन मिनिटे लागतात. बोटाने तो छोटा काटा लावताना दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो आणि सहाचा गजर सहाला पाच कमी असताना किंवा सहा वाजून गेल्यावर वाजतो. ज्यांना 5 वाजून 50 मिनिटांची लोकल गाठायची आहे त्यांनी हे लक्षात घ्यावे. ज्यांना केवळ उठायचे आहे त्यांचे यात काही बिघडत नाही. काटा बाणाच्या दिशेनेच फिरवावा, उलट फिरवल्यास आतील खटका दुखावू शकतो.

तबकडी बारा तासांची असल्यामुळे गजर चालू-बंद करणारे वरचे बटण उचललेले राहिले, तर सकाळी सहाला वाजणारा गजर संध्याकाळी सहालाही वाजतो. दुकानदाराने ही उणीव म्हणून सांगितली. वापरात मात्र तीच या घड्याळाची सर्वांत उपयोगी बाजू ठरते, कारण उठल्यावर बटण खाली दाबावे लागते आणि रात्रीच्या जेवणानंतर आठवणीने वर उचलावे लागते. फोनवर एकदा लावून दिलेला रोजचा गजर आपल्याकडून काहीच मागत नाही. येथे उद्या कधी उठायचे याचा विचार रोज रात्री क्षणभर करावाच लागतो. बटण उचलायचे, तांब्या भरून घड्याळाशेजारी ठेवायचा आणि फोन दिवाणखान्यात चार्जिंगला लावायचा, अशी तीन कामे आमच्या घरी आता एकापाठोपाठ होतात आणि त्यांना दोन मिनिटेही लागत नाहीत.

नव्या सवयी आधीच्या एखाद्या ठरलेल्या कृतीला जोडल्या म्हणजे टिकतात, असे या विषयाचे अभ्यासक सांगतात. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेल्या आणि 2010 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागल्याचे आढळले. व्यक्तिपरत्वे हा काळ 18 पासून 254 दिवसांपर्यंत होता. पेलाभर पाणी पिण्यासारखी सोपी कृती व्यायामापेक्षा लवकर रुळली, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. एकवीस दिवसांत आयुष्य बदलून देणाऱ्यांपेक्षा हा हिशेब अधिक विश्वासार्ह वाटतो. म्हणून घड्याळ पलंगापासून चार पावलांवर, कपाटावर ठेवावे. गजर बंद करायला उठावे लागते आणि तांब्या तिथेच असल्याने पाणी पिणे ओघाने होते. त्यानंतर खिडकी उघडून दोन सूर्यनमस्कार घालावेत, बारा घालण्याचा संकल्प पहिल्याच दिवशी करू नये.

स्नूझची सोय या घड्याळात आहे, तीही नसती तर बरे झाले असते. अमेरिकेत 1956 मध्ये जनरल इलेक्ट्रिक-टेलिक्रॉनच्या घड्याळातून आलेले हे बटण आता चारशे रुपयांच्या वस्तूतही शिरले आहे, आणि कपाटापर्यंत चालत जाऊन तेच दाबून परत झोपणारी माणसेही असतात.

आवाजाबाबत मत संमिश्र आहे. गजर हळू सुरू होऊन टप्प्याटप्प्याने वाढतो, परंतु शेवटचा टप्पा फारच कर्कश आहे, आणि शेजारी उशिरा उठणारे माणूस असेल तर ते नाराज होणारच. सेकंदकाटा सलग सरकणारा असल्याने टिकटिक होत नाही, ही जमेची बाजू. तबकडीवरचा दिवा मिणमिणता आहे. चष्म्याशिवाय त्याच्या उजेडात वेळ दिसत नाही.

ज्यांची ड्युटी पाळीपाळीने बदलते, किंवा ज्यांना रात्री रुग्णालयातून फोन येऊ शकतो, त्यांच्यासाठी ही व्यवस्था नाही. वृद्ध आई-वडील गावी असणाऱ्यांनी फोन बाहेर ठेवताना त्याची रिंग मोठी ठेवावी आणि दार उघडे ठेवावे. खरेदी करताना दुकानातच सेल घालून गजर वाजवून घ्यावा, आणि सहाला लावलेला काटा प्रत्यक्षात किती मिनिटे आधी किंवा नंतर वाजतो ते मुख्य काटे फिरवून पाहावे. तेवढा फरक धरून काटा लावला म्हणजे झाले. सेल गळून पट्ट्या खराब होतात, म्हणून तो संपण्याची वाट न पाहता वर्षाकाठी बदलावा.