जोडीदाराचे प्रोबेशन डळमळीत असताना: आताच हात आखडावा, वाट पाहावी की कर्जाची सोय करावी?

जोडीदाराच्या कामावर वरिष्ठ नाराज आहेत, प्रोबेशन संपायला दोन महिने उरले आहेत आणि नोकरी पक्की होणार की हाती नारळ पडणार हे सांगता येत नाही, अशा वेळी घराच्या पैशांबाबत साधारणपणे तीन मार्ग दिसतात. खर्चाला आताच कात्री लावावी, निर्णय कळल्यावर लावावी, किंवा राहणीमान आहे तसे ठेवून पुढे पडणारी तूट कर्जाने भरावी.

या मार्गांमधला फरक आकड्यांत पाहणे बरे. दोघांचे मिळून मासिक उत्पन्न 100 धरू. त्यात जोडीदाराचा वाटा 60, हप्त्यांसह घरखर्च 80 आणि बाजूला ठेवलेली शिल्लक 240, म्हणजे तीन महिन्यांच्या खर्चाइतकी. अनेकजण इथेच घाबरतात आणि 'आपण तीनच महिने तग धरू' असे मानतात. वास्तविक दुसऱ्याचे 40 येतच राहणार असल्याने दरमहा तूट 40 ची असते आणि आजची शिल्लक सहा महिने पुरते. उरलेल्या दोन महिन्यांत नेहमीसारखे 20-20 वाचले, तर ती 280 होऊन सात महिने पुरेल. नोकरी जाताक्षणी खर्च 80 वरून 65 वर आणला, तर तूट 25 वर येते आणि तेच 280 अकरा महिन्यांहून थोडे अधिक चालतात. कात्री आजच लावली, तर दोन महिन्यांत 30 जास्तीचे वाचून शिल्लक 310 होते आणि ती बारा महिन्यांहून थोडी अधिक पुरते.

म्हणजे आता कात्री लावणे आणि नंतर लावणे यांत फरक जेमतेम सव्वा महिन्याचा आहे. खरी दरी आहे ती खर्च कमी करणारे घर आणि न करणारे घर यांच्यात. मात्र दुसऱ्या मार्गाच्या हिशेबात एक गृहीतक लपलेले आहे, ते म्हणजे खर्च एका दिवसात खाली येतो. प्रत्यक्षात भाड्याचे घर सोडायला आगाऊ सूचना द्यावी लागते, वार्षिक वर्गण्या आपोआप नूतनीकृत होतात, वाहनाचा हप्ता विक्री होईपर्यंत चालूच राहतो, आणि उशिराच्या प्रत्येक महिन्याला 15 जातात. म्हणून सोडायला वेळ लागणाऱ्या बांधिलक्या आताच आवराव्यात आणि रोजच्या लहानसहान खर्चाची यादी करून ठेवून ती निर्णयानंतर अमलात आणावी, हे मला दोन्ही टोकांपेक्षा शहाणपणाचे वाटते. याला आणखी एक कारण आहे, जे आकड्यांत येत नाही: आधीच धास्तावलेल्या माणसाला घरातली प्रत्येक काटकसर आपल्यावरच्या अविश्वासासारखी भासू शकते. जोडीदाराचा वाटा 60 ऐवजी 20 असेल, तर मात्र वाट पाहण्यात फारसे काही बिघडत नाही, कारण नोकरी गेली तरी उरलेल्या 80 मध्ये 80 चा खर्च भागतो.

तिसऱ्या मार्गाचे आकर्षण समजण्यासारखे आहे, कारण कर्ज देणारे पगाराच्या पावत्या मागतात आणि नोकरी गेल्यावर तो दरवाजा बहुधा बंद होतो. तरीही एकरकमी वैयक्तिक कर्ज आणि न वापरलेली ओव्हरड्राफ्ट मर्यादा (म्हणजे खात्यात शिल्लक नसतानाही बँकेने ठरवून दिलेल्या रकमेपर्यंत पैसे काढण्याची सोय) यांत मोठा फरक आहे. पहिल्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढते, तर दुसरीवर सहसा फक्त वापरलेल्या रकमेवर व्याज आणि असल्यास थोडे शुल्क लागते. अर्जात उत्पन्नातील संभाव्य बदलाविषयी विचारले असेल, तर खरे तेच लिहावे लागते. क्रेडिट कार्डाची थकबाकी हा तर मार्गच नव्हे. महिना 3 टक्के दर ऐकायला किरकोळ वाटतो, पण चक्रवाढीने तो वर्षाला सुमारे 43 टक्के होतो. शिल्लक वापरून जुने कर्ज मुदतीआधी फेडण्याचा मोहही या दोन महिन्यांत टाळावा, कारण तिथे भरलेला पैसा गरजेच्या वेळी सहसा परत काढता येत नाही.

राजीनामा आधी द्यावा की निर्णयाची वाट पाहावी, हा प्रश्न वरवर प्रतिष्ठेचा वाटला तरी पैशांचाही आहे. आधी सोडल्यास पुढच्या मुलाखतीत सांगणे सोपे जाते. थांबल्यास शेवटपर्यंत पगार मिळतो आणि करारात असेल तर नोटीस काळाचा मोबदलाही मिळतो. शिवाय जिथे बेरोजगार भत्ता आहे, अशा अनेक देशांत स्वेच्छेने नोकरी सोडणाऱ्याला तो नाकारला किंवा लांबवला जातो. दुसरी नोकरी लेखी हाती नसेल, तर माझा कौल थांबण्याकडे आहे. शोध मात्र आजच सुरू करावा. मालकाने स्वतःहून राजीनामा मागितला, तर बदल्यात काय मिळणार हे आधी लेखी घ्यावे.

नेमणूकपत्रही पुन्हा वाचावे. प्रोबेशनमधील नोटीस काळ बऱ्याचदा पक्क्या नोकरीपेक्षा कमी असतो, आणि ठरावीक मुदतीआधी नोकरी संपल्यास जॉइनिंग बोनस किंवा स्थलांतराचा खर्च अंतिम हिशेबातून कापून घेण्याची अट काही ठिकाणी असते. मालकाकडून मिळणारा आरोग्य विमा अनेकदा नोकरीबरोबरच संपतो. त्यामुळे कुटुंबाला दुसऱ्या जोडीदाराच्या विम्यात केव्हा घालता येईल, हे आताच विचारावे. स्वतंत्र पॉलिसी घ्यायची तर जुन्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ असू शकतो, म्हणून त्या चौकशीत दिरंगाई महाग पडते.

निकाल 'हो' किंवा 'नाही' असाच लागेल असेही नाही, कारण प्रोबेशनला मुदतवाढही मिळू शकते. तसे झाल्यास आवरलेल्या बांधिलक्या तशाच आवरलेल्या ठेवाव्यात आणि नोकरी पक्की झाल्याचे पत्र हाती येईपर्यंत नवा हप्ता अंगावर घेऊ नये.