"नई है भिया, आवाज तो करेगी" म्हणत जुनी हार्डडिस्क गळ्यात मारली

इंदूरला आरएनटी मार्गाकडे कॉम्प्युटरचं सामान घ्यायला जाणार असाल तर आधी हे वाचा, मी चांगलाच गंडलोय.

दिवाळीच्या आधी एका शनिवारी 4 टीबीची घेतली, डेस्कटॉपमध्ये बसते ती साडेतीन इंची. भाच्याच्या मुंजीचं शूटिंग, आईबाबांचे स्कॅन केलेले फोटो सगळं एका जागी ठेवायचं होतं. दुकानदाराने ऑनलाइनपेक्षा दीड हजार कमी लावले, सीलबंद पाकीट समोर फाडून दाखवलं, वर म्हणे पक्कं बिल पाहिजे तर 18 टक्के जीएसटी वेगळा, आणि मी शहाणा रोख देऊन कच्च्या चिठ्ठीवर खूश. चिठ्ठीत काय तर "4 टीबी, 7 दिन रिप्लेसमेंट". बस.

पहिल्याच रात्री आवाज. आता थोडा असतोच, 7200 आरपीएमची तबकडी सेकंदाला 120 गिरक्या घेते तर हलकी घूं राहणारच, फाइल शोधताना तबकडीवरून वाचणारं हेड खरखरतं, पीसी बंद करताना एकदा टक् होतं, त्याचं काही नाही. पण हे वेगळं होतं. टक्, टक्, टक्, मग तबकडी थांबल्यासारखी, परत फिरायची, परत टक्, आणि तेवढा वेळ स्क्रीन थिजलेली. आईने आतून विचारलं, पाल चुकचुकतेय का रे? माझ्या डोक्यात तेव्हाच चुकचुकायला हवी होती.

फोन केला तर म्हणे, "नई है भिया, आवाज तो करेगी, डाटा डालो, सेट हो जाएगी." दोन दिवसांनी म्हणे कॅबिनेटचं व्हायब्रेशन असेल, स्क्रू टाइट करा. केले. मग "लड़का बाहर है, सोमवार को ले आओ". सोमवार म्हणजे नववा दिवस! आवाजाशी त्याला काही घेणंदेणं नव्हतं, त्याला फक्त सात दिवस काढायचे होते.

रविवारी चुलतभावाने क्रिस्टलडिस्कइन्फो टाकलं (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं). पॉवर ऑन तास 19,347, म्हणजे चोवीस तास चालवली तरी 806 दिवस, आणि चालू-बंद झालेली फक्त 38 वेळा. बहुतेक कुठल्यातरी सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्यातून, उपटलेली. करंट पेंडिंग सेक्टरपुढे (म्हणजे डिस्कला नीट वाचता न येणाऱ्या जागा) 68, ते हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या आकड्यांत असतं, खरे 104, जिथे शून्य पाहिजे. सॉफ्टवेअरमधला सिरियल नंबर वेगळा, लेबलवरचा वेगळा. नखाने लेबलचा कोपरा उचलला तर खाली जुना डिंक, आणि सोनेरी पिनांवर केबल घासल्याचे ओरखडे. हे दुकानातच दिसलं असतं, मी बघितलंच नाही.

सोमवारी गेलो तर म्हणतो ही आमची नाहीच, चिठ्ठीवर सिरियल नंबर कुठंय? 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि पहिलं बिलच विचारलं.

म्हणून पक्कं बिल, त्यावर सिरियल नंबर, तो तिथेच उभं राहून कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी बघा, आणि घरी आल्यावर डाटा टाकायच्या आधी पूर्ण डिस्क स्कॅन करा, रात्रभर लागली तर लागू दे. नुसत्या तासांवर पण जाऊ नका, 2025 च्या सुरुवातीला जर्मनीत नव्या म्हणून विकलेल्या डिस्कचे तास शून्य केलेले निघाले होते. आणि टक् टक् ऐकू आली की त्याच दिवशी दुकानात, फोनवर नाही.

फोटो बहुतेक सगळे निघाले. मुंजीचं शूटिंग मात्र मी पेनड्राइव्हवरून उडवून बसलो होतो. ताई रोज विचारते झालं का रे कॉपी, आणि फाइल मातृभोजनापर्यंत नीट चालते, तिने पहिला घास उचलला की टक्, टक्, टक्.