उन्हाळी इंटर्नशिपचा शोध: पोर्टलवरचा अर्ज की थेट पत्र?

लिंक्डइनसारख्या पोर्टलवर एका संध्याकाळी वीस अर्ज करता येतात, ही सोय खरीच आहे. शिवाय कामाचे स्वरूप, कालावधी आणि विद्यावेतन बहुधा आधीच कळते. मात्र तीच सोय इतर सर्वांनाही उपलब्ध असल्याने एका जागेसाठी अर्जांचा ढीग साचतो, आणि मोठ्या कंपन्यांत तर माणसाने वाचण्यापूर्वीच संगणकप्रणाली जाहिरातीतील शब्दांशी अर्ज ताडून पाहते.

थेट पत्राचा मार्ग संथ आहे. एखाद्या प्राध्यापकांचा शोधनिबंध किंवा लहान कंपनीचे उत्पादन नीट अभ्यासून, त्यातील नेमक्या कोणत्या भागावर आपण काम करू शकतो हे चार-पाच वाक्यांत लिहायला एक पूर्ण दिवस जातो, आणि बहुतेक पत्रांना उत्तर येत नाही. तरीही मला हाच मार्ग अधिक मोलाचा वाटतो, कारण जाहिरात न झालेली कामे त्यातूनच हाती लागतात आणि नकार आला तरी त्या विषयाचा अभ्यास आपल्याकडेच राहतो. विद्यावेतनाची चौकशी मात्र पहिल्या संभाषणातच, संकोच न बाळगता करावी.

मोठ्या कंपन्यांची निवड अनेकदा कित्येक महिने आधीच सुरू होते. तेथे पोर्टलला पर्याय क्वचितच असतो.