सांवेर रोडवरचे शिलाई वर्कशॉप आणि राइजरच्या दोन पट्ट्या

इंदूरच्या सांवेर रोड औद्योगिक वसाहतीत ताडपत्र्या, ट्रकचे सीटबेल्ट आणि सामान बांधण्याचे जाड पट्टे शिवून देणारे एक वर्कशॉप आहे. तेथून मी माझ्या पॅराशूटच्या राइजरसाठी, म्हणजे खांद्यावरील हार्नेसपासून छत्रीच्या दोऱ्यांपर्यंत जाणाऱ्या पट्ट्यांसाठी, क्रॉस कनेक्टरची एक जोडी करून घेतली. त्या कामाचा अनुभव येथे सविस्तर लिहीत आहे. वर्कशॉपचे नाव मी देत नाही, कारण मालकांनीच तशी विनंती केली आहे. रिगरने (पॅराशूटची तपासणी व दुरुस्ती करणाऱ्या अधिकृत कारागिराने) काढून दिलेले रेखाटन हातात नसताना कोणी पॅराशूटचे काम घेऊन आपल्या दारात येऊ नये, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते मला पूर्णपणे पटते.

उज्जैनजवळच्या दताना हवाईपट्टीमुळे आपल्या भागातील पुष्कळ लोकांना टँडम जंप (प्रशिक्षकाला बांधून घेतलेली उडी) ऐकून किंवा करून माहीत आहे. कॅनॉपी फॉर्मेशन हा त्याहून निराळा प्रकार आहे. यात विमानातून बाहेर पडल्यावर लगेच छत्री उघडतात आणि उघड्या छत्र्या उडवत एकमेकांजवळ आणून त्यांची रचना बांधतात. खालचा जंपर आपली छत्री वरच्याच्या पायांपर्यंत आणतो आणि वरचा ती पायांनी धरतो, म्हणजे स्टॅक होतो. वरचा जंपर त्या छत्रीच्या दोऱ्यांवरून खाली सरकत येऊन खालच्याच्या राइजरमध्ये पावले अडकवतो, तेव्हा दोन्ही छत्र्या एकमेकींना जवळजवळ टेकतात आणि त्या रचनेला प्लेन म्हणतात. फ्लोरिडातील लेक वेल्स येथे २१ नोव्हेंबर २००७ रोजी १०० जणांनी अशी रचना बांधून विश्वविक्रम केला होता. मी स्वतः परदेशातील एका ड्रॉपझोनवर वर्षातून दोनदा जाते आणि बहुतेक वेळा दोघांच्या किंवा चौघांच्या रचनेत उडते.

क्रॉस कनेक्टर म्हणजे एका बाजूच्या पुढच्या आणि मागच्या राइजरला वरच्या टोकाशी, लिंकजवळ (राइजरला छत्रीच्या दोऱ्या जोडणाऱ्या धातूच्या कडीजवळ), जोडणारी आखूड पट्टी. प्लेनमध्ये वरच्या जंपरचे पाऊल या दोन राइजरच्या मध्ये असते आणि खालच्याचे सगळे वजन त्याला खाली ओढत असते, त्यामुळे पाऊल राइजरवरून वर सरकत सरकत दोऱ्यांमध्ये शिरू पाहते. पट्टी त्याला लिंकच्या खालीच अडवते. वस्तू एवढीच, वितीपेक्षाही लहान. परंतु ती चुकीच्या लांबीची असली, तिची शिवण उसवली किंवा ती नको तेथे बांधली गेली, तर तिचा त्रास दोन माणसांना एकाच वेळी होतो.

माझी आधीची जोडी मी दूरच्या एका विक्रेत्याकडून मागवली होती. तिच्यात डावी पट्टी उजवीपेक्षा जवळजवळ दीड सेंटिमीटर लांब होती, टोके नीट वितळवून बंद केलेली नव्हती आणि शिवण एकाच सरळ ओळीची होती. लांब पट्टीचा झोल पॅकिंग करताना ब्रेकच्या टॉगलवर (छत्री वळवण्यासाठी ओढायच्या मुठीवर) येत असे. एकदा तो टॉगलमध्ये अडकलेला मला कंटेनर (छत्रीची पाठीवरची पिशवी) बंद करण्यापूर्वी दिसला आणि त्याच दिवशी मी ती जोडी काढून टाकली. तक्रारीला उत्तर आले नाही. माझ्या रिगरने नव्या पट्टीचे रेखाटन करून पाठवले आणि सांगितले की शिवण कोणत्याही चांगल्या जड मशीनवर होऊ शकेल, मात्र नमुना तोडून पाहा आणि राइजरवर बसवण्याचे काम माझ्यासमोर करा.

वर्कशॉपचे मास्तर साठीच्या घरातले आहेत. त्यांचे घराणे होळकरांच्या काळापासून इंदुरात असल्याने त्यांची मराठी माळव्याची चव असलेली आहे. मी रेखाटन पुढे केले तेव्हा त्यांनी ते बाजूला ठेवले आणि म्हणाले, "ताई, माप नंतर बघू. हे सगळं सुटतं कुठून, ते आधी दाखवा." मी रिग (हार्नेस, कंटेनर आणि छत्र्यांचा पूर्ण संच) टेबलावर ठेवून थ्री-रिंग, म्हणजे राइजर हार्नेसपासून सोडवणारी तीन रिंगांची जोडणी, उघडून दाखवली. मोठी रिंग हार्नेसवर, तिच्यातून मधली, मधलीतून लहान, लहानीवरून पांढरा फास आणि फासातून पिवळी केबल. कटअवेचे (मुख्य छत्री सोडून देण्याचे) हँडल ओढले की केबल निघते, फास सुटतो, तिन्ही रिंगा एकीतून एक निसटतात आणि राइजर खांद्यावरून मोकळा होतो. बिल बूथ यांनी शोधलेली ही रचना मास्तरांनी तीन-चार वेळा स्वतः जोडून आणि सोडून पाहिली.

मग त्यांनी रेखाटन उचलले. त्यावर रिगरच्या दोन पट्ट्यांखेरीज मी पेन्सिलीने तिसरी पट्टी काढली होती, डाव्या राइजरला उजव्याशी जोडणारी, कारण एका जुन्या छायाचित्रात मी तशी पाहिली होती आणि पावलाला तिचा आणखी आधार मिळेल असे मला वाटले होते. मास्तरांनी तिच्यावर बोट ठेवले. "हे दोन्ही सुटून वेगवेगळे जाणार ना? मग ही तिसरी त्यांना बांधून ठेवणार की." ज्या माणसाने आयुष्यात छत्रीची उडी पाहिली नव्हती, त्याला पाच मिनिटांत दिसलेली ही गोष्ट युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनच्या पुस्तिकेतही सांगितली आहे: क्रॉस कनेक्टर फक्त पुढच्या आणि मागच्या राइजरमध्ये असावेत, डाव्या-उजव्या राइजरना जोडणारी पट्टी रिझर्व्ह (राखीव छत्री) उघडताना कंटेनरला अडकू शकते. रिगरला विचारले तेव्हा त्यानेही तेच सांगितले. तिसरी पट्टी तेथेच खोडली गेली. या वर्कशॉपविषयी माझे मत मुख्यतः त्या पाच मिनिटांत बनले आणि पुढच्या कामाने ते पक्के झाले.

पट्टीसाठी एक इंच रुंदीची टाइप चार नायलॉन टेप मी सोबत आणली होती. तिची ताकद १००० पौंड, म्हणजे सुमारे ४५० किलो असते. याहून जाड वेबिंग घ्यावी असे प्रथम कोणालाही वाटेल, पण लिंकमध्ये आधीच राइजर आणि छत्रीच्या दोऱ्या असतात. त्यात जाड पट्ट्याची गर्दी झाली की लिंक तिरकी बसते आणि तिच्यावर ताण लांबीच्या दिशेने येण्याऐवजी आडवा येतो. मास्तरांनी टोकाचे फास दुमडून अर्ध्या रुंदीचे केले, जेणेकरून ते लिंकच्या राइजरकडील बाजूला दाटीवाटी न करता बसतील.

शिवणकाम मी शेजारी बसून पाहिले. त्यांनी आधी सुईचे टोक एका जुन्या नायलॉन मोज्यावरून ओढून पाहिले. मोज्याचा धागा अडकला, म्हणजे टोकाला बारीक खोच होती, म्हणून ती सुई त्यांनी फेकून दिली आणि नवी लावली. खोच असलेली सुई टेपमधून जाताना तंतू कापत जाते आणि ते शिवणीवर बाहेरून कधीच दिसत नाही. मग उरलेल्या तुकड्यावर एक ओळ घालून त्यांनी ती ब्लेडने मधोमध उघडली आणि वरचा दोरा व बॉबिनचा दोरा यांची गाठ टेपच्या दोन थरांच्या बरोबर मध्ये बसली आहे की नाही ते मला भिंगातून दाखवले. पहिल्या ओळीत गाठ खालच्या पृष्ठभागावर ओढली गेली होती. अशा शिवणीत खालचा दोरा सरळ पडून राहतो आणि घासला की एकदम निघतो. बॉबिनचा ताण अर्धा फेरा कमी करून त्यांनी पुन्हा ओळ घातली, पुन्हा कापली, आणि तिसऱ्या वेळी समाधान झाल्यावरच खऱ्या पट्टीला हात लावला. काळ्या टेपवर पिवळा दोरा वापरण्याची सूचनाही त्यांचीच, कारण तुटलेला टाका लांबूनही दिसतो.

टोके त्यांनी गरम पातीने कापली आणि मऊ असतानाच पोलादी पट्टीखाली दाबली. वितळलेल्या नायलॉनचा कडक मणी राहिला तर तो शेजारच्या दोऱ्यांना करवतीसारखा घासतो, हे मला ठाऊक होते. दाबलेली कडही आतल्या घडीत घ्यावी, म्हणजे ती कशालाच लागणार नाही, ही गोष्ट मात्र त्यांनी न सांगता केली.

एकाच टेपमधून त्यांनी चार पट्ट्या शिवल्या, दोन वापरायला आणि दोन तोडायला. छताच्या तुळईला चेन पुली, तिला टांगता काटा आणि त्याखाली नमुना, अशी त्यांची व्यवस्था आहे. पहिला नमुना २०० किलोवर दहा मिनिटे ठेवला आणि त्यात काही हलले नाही. पुढे ताण वाढवत नेल्यावर तो ३४० किलोच्या आसपास तुटला, आणि तुटला तो शिवण जेथे संपते त्या रेषेवर. शिवलेल्या जागी टेपची ताकद मूळ आकड्यापेक्षा कमी होतेच. दोरा उसवून फास उघडला नाही, हे माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे होते. दुसरा नमुना जवळपास त्याच वजनावर आणि त्याच रेषेवर तुटला, त्यामुळे हाताचे काम एकसारखे आहे याची खात्री पटली.

लांबी ठरवण्यासाठी मात्र टेबलावरचे माप उपयोगी पडत नाही. राइजर तुळईला बांधून, हार्नेस घालून आणि पाय जमिनीला टेकतील इतक्याच उंचीवर बसून मी प्रत्यक्ष ताण दिला आणि मास्तरांनी दोन लिंकमधील अंतर घेतले. पट्टी फार आखूड झाली तर पुढचा राइजर ओढताना मागचाही ओढला जातो आणि छत्री हवी तशी झेप घेत नाही. फार लांब झाली तर माझ्या जुन्या जोडीसारखा झोल लोंबतो. पुढचा राइजर पूर्ण ओढूनही मागचा हलणार नाही, असे सर्वांत कमी माप आम्ही धरले आणि ते माझ्या रिगसाठी १४ सेंटिमीटर निघाले. दुसऱ्या कोणाच्या रिगला हा आकडा लागू पडेल असे कृपया समजू नये.

त्यानंतर पट्ट्या तात्पुरत्या बसवून, आरएसएल (मुख्य छत्री सुटताच राखीव छत्री उघडणारी पट्टी) आधी सोडून, मी कटअवे ओढला. दोन्ही राइजर आपापली पट्टी घेऊन वेगवेगळे वर गेले. मास्तरांनी ते तीन वेळा करायला लावले.

पक्की जोडणी करण्यास मात्र त्यांनी स्पष्ट नकार दिला. राइजरमध्ये सुई घालणार नाही आणि लिंकचा नट शेवटचा घट्ट करणार नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. "पट्टी माझी. तिच्या पुढचं ज्याची सही चालते त्यानं करावं." पुढच्या प्रवासात रिगरने मायॉं रापीद लिंक उघडून पट्ट्या बसवल्या, नट बोटांनी पूर्ण फिरवून पान्याने पाव फेरा दिला आणि नट व लिंक यांवर मिळून नेलपॉलिशची एक रेघ ओढली. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला आहे, एवढे कोणालाही कळते. लिंक जास्त घट्ट केल्यानेही नटाला चीर जाऊ शकते, म्हणून पाव फेऱ्यापेक्षा अधिक जोर देऊ नये.

या जोडीवर माझे आतापर्यंत ३१ जंप झाले असून त्यांपैकी १९ वेळा आम्ही प्लेन बांधले. पाऊल पट्टीखाली जाऊन तेथेच थांबते, आणि माझ्या वरच्या जोडीदाराने पहिल्याच दिवशी सांगितले की आता पाय वर सरकू नये म्हणून पोटऱ्या आवळून धराव्या लागत नाहीत. पॅकिंग करताना टॉगलजवळ काहीही लोंबत नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. दहा दिवसांत देतो म्हटलेले काम तेवीस दिवसांनी मिळाले, कारण मधे ताडपत्र्यांचा हंगाम आला. या दिरंगाईचा फोन मलाच करावा लागला. बिलावर केवळ "पट्टा, ४ नग" असे लिहिले होते. टेपचा आणि दोऱ्याचा लॉट क्रमांक, शिवणीची तारीख आणि तोडलेल्या नमुन्यांचे आकडे लिहून द्यावेत असा मी आग्रह धरला, तेव्हा ते वेगळ्या कागदावर मिळाले. अशा वस्तूंसाठी हा कागद मागण्याची वेळ ग्राहकावर येऊ नये. जड दोरा फक्त पिवळा आणि पांढरा असे दोनच रंग त्यांच्याकडे आहेत. तोडलेल्या नमुन्यांसह शिलाईचे १४०० रुपये झाले, टेप माझी होती, आणि मला हा दर अत्यंत वाजवी वाटतो.

गेल्या महिन्यात उजव्या पट्टीवर, जेथे बूट घासतो तेथे, टेप थोडी केसाळ झालेली आणि दोन टाके तुटलेले दिसले. मी ती मास्तरांकडे नेली आणि तेवढीच जागा पुन्हा शिवून देण्यास सांगितले. त्यांनी भिंगाखाली बराच वेळ पाहिले आणि नकार दिला. जुन्या भोकांच्या शेजारी नवी भोके पडली की टेप तेथेच फाटते, असे म्हणून त्यांनी जुनी पट्टी माझ्यासमोर कात्रीने मधोमध कापली, जेणेकरून ती चुकूनही पुन्हा रिगवर जाणार नाही, आणि नव्या जोडीसाठी उरलेली टेप मोजायला घेतली. फक्त उजवी बदलू नका, दोन्ही एका वयाच्या असू द्या, असेही त्यांनी सांगितले. नवी जोडी पुढच्या आठवड्यात मिळायची आहे, आणि या वेळी लॉट क्रमांकाचा कागद त्यांनी आधीच भरून ठेवला आहे.