‘किंगमेकर’: यात राजे सोंगट्या, सरदार खेळाडू

अँड्र्यू मॅकनील यांनी रचलेला हा पटावरचा खेळ १९७४ साली ब्रिटनमध्ये आला. विषय पंधराव्या शतकातली इंग्लंडची यादवी, म्हणजे लँकेस्टर आणि यॉर्क घराण्यांचा तख्तासाठीचा झगडा. खेळाचं मर्म असं की यात आपण राजा नसतोच. लँकेस्टरचे तीन आणि यॉर्कचे चार असे सात वारस पटावर सोंगट्या होऊन पडलेले असतात. आपण पर्सी, नेव्हिल, ब्यूफोर्ट, स्टॅफर्ड अशा सरदारांचा गट चालवतो आणि वारस पळवतो. सरतेशेवटी ज्याच्या हाती एकमेव अभिषिक्त राजा उरतो, तो जिंकला.

डाव शिकायला सोपा आहे. घटनेचा पत्ता उलटा, सरदार हलवा, लढायचं असेल तर लढा, शेवटी दुसऱ्या गड्डीतून एक पत्ता घ्या. या दुसऱ्या गड्डीत सरदार, पदव्या, हुद्दे, बिशप, जहाजं, भाडोत्री सैन्य असं सगळं येतं. सरदार पाच घरं चालतो. रस्ता मोकळा असेल तर मात्र रस्त्याने कितीही लांब जातो.

खरी गंमत घटनेच्या पत्त्यांत आहे. एखाद्या शहरात प्लेग आला की तिथे मुक्कामाला असलेले सरदार आणि वारस एका फटक्यात जातात. उत्तर सीमेवर स्कॉट लोकांची धाड आली की सीमारक्षकाचा हुद्दा ज्याच्याकडे आहे त्याला हातातलं काम टाकून तिकडे धावावं लागतं. मोठा हुद्दा फुकट मिळत नाही, हे इतकं चोख दाखवणारे खेळ थोडे. नवखे इथेच फसतात: सगळ्यात बलाढ्य हुद्देदाराजवळ वारस ठेवतात आणि ऐन वेळी तो सरदार निघून गेल्यावर वारस उघड्यावर पडतो. वारसाजवळ बिनहुद्द्याचे दोन-तीन सरदार ठेवावेत आणि मुक्काम शहरात न करता किल्ल्यात करावा.

लढाईत दोन्ही बाजूंच्या बळाचं प्रमाण काढून घटनेचा पत्ता उलटायचा. पत्त्यावर छापलेलं प्रमाण गाठलं तर मोठी फौज जिंकते, नाहीतर लढाई अनिर्णित. शिवाय पत्त्यावर ज्यांची नावं असतील ते सरदार मरतात, जिंकणाऱ्या बाजूचे असले तरी. त्यामुळे सगळी माणसं एकाच फौजेत कोंबणं हा जुगार आहे.

मेलेल्याची पदवी आणि हुद्दा पुन्हा वाटपासाठी परत जातो आणि सरदाराचा पत्ता गड्डीत मिसळतो, म्हणजे त्याचा मुलगा पुढे कुणाच्या तरी हाती लागू शकतो. इथे खेळ इतिहासापेक्षा दयाळू आहे. ब्यूफोर्टांचंच पाहा. एडमंड १४५५ मध्ये सेंट ऑल्बन्सला पडला, थोरला मुलगा हेन्री १४६४ मध्ये हेक्समच्या लढाईनंतर शिरच्छेदाला गेला आणि १४७१ मध्ये ट्यूक्सबरीला धाकटे दोघे संपले. औरस पुरुष शाखाच खुंटली. शेवटी तख्त मिळवणारा हेन्री ट्यूडर या खेळातल्या सात वारसांत नाही, हेही रसिकांना खटकेल.

राज्याभिषेकाला कॅथेड्रलचं (बिशपच्या मुख्य चर्चचं) शहर आणि एक आर्चबिशप किंवा दोन बिशप लागतात. ही अट उत्तम आहे: वारस हाती असूनही बिशपच्या शोधात अडकलेला गट बघण्यासारखा असतो.

आता दोष, आणि तो मोठा आहे. शेवट रेंगाळतो. पिछाडीवर पडलेला खेळाडू आपला वारस जहाजावर चढवून समुद्रात बसतो, बाकीचे किनाऱ्यावरून बघत राहतात, आणि चार तासांचा खेळ सहा तासांवर जातो. ‘वारस सलग दोन पाळ्यांपेक्षा जास्त समुद्रात राहणार नाही’ असा घरगुती नियम आधीच ठरवून घ्या. वेळेची मर्यादाही घाला. खेळ दोन ते सात जणांचा म्हणतात, पण दोघांत कारस्थान रंगत नाही आणि सात जणांत आपली पाळी येईपर्यंत चहा निवतो. चार-पाच जण योग्य. शिवाय ज्याचे सगळे सरदार गेले तो नुसता बघ्या होतो, हे सांगूनच बसवा.

पत्त्यांवरचा मजकूर इंग्रजीत आहे. जुनी पेटी घेणार असाल तर पट फाटका चालेल, पत्ते मात्र नियमपुस्तिकेतल्या यादीशी ताडून पाहा. एखादा बिशप जरी हरवला असेल, तरी अभिषेकाचं सगळं गणित बिघडतं.