सिल्व्हरटाउन स्फोटाचं स्मारक, रॉयल वॉर्फ, लंडन: नक्की जा, पण थोडं वाचून जा

पाचपैकी चार स्टार, आणि पाचवा का नाही ते खाली लिहिलंय. १९१७ मध्ये पूर्व लंडनमधल्या सिल्व्हरटाउनला टीएनटी या स्फोटकाचं काम चालणारा कारखाना उडाला, त्यात गेलेल्यांचं हे स्मारक.

लंडनला फिरायला येणारी आपली मंडळी टॉवर ब्रिज, मादाम तुसाद, फार तर ग्रीनिच करतात. पूर्वेकडच्या गोद्यांच्या बाजूला कोणी फिरकत नाही, एक्सेल या प्रदर्शन केंद्रात काही असलं तरच, त्यामुळे हे स्मारक कोणाच्या लिस्टमध्ये नसतंच. जाणं एकदम सोपं आहे, डीएलआर या छोट्या मेट्रोसारख्या ट्रेनने पाँटून डॉक स्टेशनला उतरायचं आणि तिथून थोडंसं चालायचं. तिकीट नाही, रांग नाही. आजूबाजूला सगळे नवे चकाचक टॉवर आणि डोक्यावरून सिटी एअरपोर्टची विमानं, त्यामुळे इथे काय होतं ते कळायला काहीच मार्ग उरलेला नाही, हा दगड सोडला तर.

इथे ब्रनर माँड या कंपनीचा केमिकल कारखाना होता. कॉस्टिक सोडा बनायचा, ते काम १९१२ मध्ये बंद झालं आणि तेवढा भाग रिकामा पडला. मग पहिलं महायुद्ध लागलं, तोफगोळ्यांचा तुटवडा झाला आणि १९१५ मध्ये सरकारने ठरवलं की त्या रिकाम्या भागात टीएनटी शुद्ध करायचं. म्हणजे कच्चं टीएनटी वितळवायचं, कोमट अल्कोहोलमध्ये विरघळवायचं, त्याचे स्फटिक होऊ द्यायचे आणि ते वाळवायचे. हे काम टीएनटी बनवण्यापेक्षाही धोक्याचं, आणि कारखान्याला लागून कामगारांची घरं! कंपनीचा स्वतःचा विरोध होता तरी रेटून सुरू केलं. माझा खरा संताप पुढच्या गोष्टीवर आहे. १९१६ मध्ये गॅडब्रुक नावाच्या ठिकाणी, वस्तीपासून लांब, याच कामाचा दुसरा मोठा प्लांट उभा राहिला होता. तरीही सिल्व्हरटाउनचं काम चालूच ठेवलं.

१९ जानेवारी १९१७, शुक्रवार, संध्याकाळी ६ वाजून ५२ मिनिटं. टीएनटी वितळवायच्या खोलीत आग लागली आणि जवळपास ५० टन टीएनटी एकदम उडालं. ७३ माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती, ४०० च्या वर जखमी, ६० ते ७० हजार इमारतींना फटका, नदीपलीकडे ग्रीनिचला गॅसची भलीमोठी टाकी पेटली. समोरचं फायर स्टेशन उद्ध्वस्त झालं, दोन फायरमन गेले. आणि हे कमीच म्हणायचं, कारण संध्याकाळची वेळ होती, आसपासच्या कारखान्यांतली बरीच माणसं घरी निघून गेलेली आणि घरातली अजून वरच्या मजल्यावर झोपायला गेलेली नव्हती. रात्री झालं असतं तर काय झालं असतं याचा विचारही करवत नाही.

कारखान्याचे चीफ केमिस्ट अँड्रिया एंजल हे मूळचे ऑक्सफर्डला शिकवणारे. आग दिसल्यावर ते पळाले नाहीत, बाकीच्यांना बाहेर काढत आणि आग विझवायला बघत तिथेच थांबले आणि त्यातच गेले. त्यांना मरणोत्तर एडवर्ड मेडल हे शौर्यपदक मिळालं.

आता स्मारकाबद्दल. ते कंपनीनेच उभारलं, आधी नॉर्थ वूलिच रोडला लागून होतं, इथे घरं बांधताना थोडं हलवून आत आणलं. काही लोकांना ते हलवलेलं आवडत नाही पण मला उलट बरं वाटलं, रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये कोण थांबून वाचणार, इथे माणसं येता जाता बघतात तरी. मला सगळ्यात भिडलं ते हे की स्फोटात गेलेले आणि दोन्ही महायुद्धांत गेलेले, सगळे एकाच स्मारकावर आहेत. पातेल्यात टीएनटी ढवळणारा माणूसही त्या युद्धातच मेला, हे इथे दगडात कोरून मान्य केलंय. बहुतेक गावांच्या युद्धस्मारकांवर फक्त सैनिक असतात, कामगारांना कोणी धरत नाही. घाई करू नका, चारी बाजूंनी फिरून नावं वाचा.

एक स्टार कापला तो यासाठी की हे सगळं का झालं ते त्या दगडावर नाही. चौकशीच्या अहवालात स्वच्छ म्हटलं होतं की टीएनटीसाठी ही जागाच चुकीची होती, माल असुरक्षित भांड्यांमध्ये आणि धोक्याच्या कामाच्या अगदी जवळ ठेवला जात होता. तो अहवाल १९५० च्या दशकापर्यंत लोकांसमोर आलाच नाही! ज्यांची माणसं गेली त्यातल्या कितीतरी जणांना कारण न कळताच आयुष्य काढावं लागलं असेल. नुसतं "प्राण गमावले" म्हणून भागत नाही, कोणाच्या निर्णयामुळे तेही लिहायला हवं. म्हणून म्हणते, जाण्याआधी वाचा, मुलं बरोबर असतील तर त्यांनाही आधी सांगा.

वेळ असेल तर शेजारचं थेम्स बॅरियर पार्क करा, छान आहे. आणि त्याच दिवशी सेंट पॉल्सजवळच्या पोस्टमन्स पार्कमध्ये जा. तिथे दुसऱ्यांचे जीव वाचवताना गेलेल्या साध्या माणसांच्या नावाच्या टाइल्स भिंतीवर लावल्यात, त्यात एडवर्ड ग्रीनॉफ या पोलिसाची आहे. हा जळत्या कारखान्यापासून लोकांना लांब पिटाळत राहिला, जखमी झाला आणि काही दिवसांनी वारला. सेंट्रल लाइनने सेंट पॉल्स स्टेशनला उतरलात की अगदी जवळ आहे.