स्विचचे लॉगिन आणि लॉग: स्विचवरच ठेवावेत की सर्व्हरवर?

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील मध्यम फौंड्रीत आठ-दहा मॅनेज्ड स्विच (संगणक आणि यंत्रे नेटवर्कला जोडणारी, लॉगिन करून सेटिंग बदलता येणारी उपकरणे) असतात आणि बहुधा त्या सर्वांना एकच अ‍ॅडमिन पासवर्ड असतो, जो काम सोडून गेलेल्या ठेकेदारालाही पाठ असतो. ही स्थिती बदलताना दोन निर्णय घ्यावे लागतात: लॉग (स्विचवर काय घडले याच्या नोंदी) कुठे साठवायचे आणि लॉगिनची तपासणी कोणी करायची.

लॉगचा निर्णय मी आधी घेईन. स्विचचा लॉग बफर, म्हणजे नोंदींची तात्पुरती जागा, रॅममध्ये असतो; तो भरला की जुन्या ओळी जातात आणि वीज गेली की सगळेच पुसले जाते. वळवाच्या पावसात वीज जाऊन आल्यावर एका कारखान्यात व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेले नेटवर्कचे वेगळे भाग) कोणी बदलला हे शोधायला मी बसलो, तेव्हा बफरमध्ये पोर्ट सुरू झाल्याच्या ओळी तेवढ्या उरल्या होत्या आणि एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवण्याची सोय) दिलेले नसल्याने त्यांवर तारीख होती १ मार्च. बदल कोणी केला, हे आजतागायत कळलेले नाही. याउलट जुन्या संगणकावर लिनक्स टाकून मोफत सिसलॉग सर्व्हर (स्विचनी पाठवलेल्या नोंदी साठवणारा) उभा करता येतो, आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी १८० दिवसांचे लॉग जपायचे आहेत, जे बफरकडून होणे शक्य नाही. मात्र पातळी नीट निवडावी: सिसलॉगच्या पातळ्या ० (सर्वांत गंभीर) ते ७ असतात, सिस्कोच्या स्विचवर कॉन्फिगरेशन बदलल्याची नोंद ५ व्या पातळीची असते, त्यामुळे फक्त ३ पर्यंतचे संदेश पाठवले तर नेमकी हवी ती ओळ सर्व्हरवर पोहोचतच नाही. सिसलॉगच्या नेहमीच्या यूडीपी ५१४ या पोच न घेणाऱ्या मार्गावरून पाठवलेला संदेश वाटेत हरवला तरी कळत नाही, हा दोष आहेच. स्विचला जमत असेल तर टीएलएस, म्हणजे संदेश सांकेतिक करून पाठवण्याची पद्धत, वापरावे.

लॉगिनबाबत उत्तर इतके सरळ नाही. स्विचवरच्या खात्यांना खर्च नसतो आणि नेटवर्क कोलमडले तरी कन्सोल केबल (लॅपटॉप थेट स्विचला जोडणारी) लावून आत जाता येते. पण एक माणूस गेला की दहा ठिकाणी हात घालावा लागतो. दुसरा मार्ग म्हणजे लॉगिन एका सर्व्हरवर तपासणे, आणि त्यासाठी रेडियस व टॅकॅक्स प्लस या दोन पद्धती आहेत. रेडियस विंडोज डोमेनशी (कंपनीच्या संगणकांची खाती एकत्र ठेवणाऱ्या व्यवस्थेशी) सहज जोडता येते, पण त्याच्या नेहमीच्या पॅकेटमध्ये (नेटवर्कवरून जाणाऱ्या संदेशात) पासवर्डच तेवढा झाकलेला असतो. टॅकॅक्स प्लस पॅकेटचा संपूर्ण मजकूर झाकते आणि प्रत्येक कमांडला वेगळी परवानगी देऊन तिची नोंद ठेवते, मात्र स्वस्त स्विचवर ते मिळेलच असे नाही. चार-पाच स्विच असतील तर प्रत्येकाच्या नावाचे स्थानिक खाते पुरे. त्याहून जास्त असतील तर रेडियस, आणि बाहेरचे ठेकेदार कमांड देत असतील तर टॅकॅक्स प्लस घ्यावे, असे माझे मत आहे.

काहीही निवडले तरी दुरून लॉगिनसाठीचे, पासवर्ड उघडा पाठवणारे टेलनेट बंद करून त्याऐवजी सांकेतिक एसएसएच ठेवावे, आणि सर्व्हर उत्तर देत नसतानाच चालेल असे एक स्थानिक खाते प्रत्येक स्विचवर राखून त्याचा पासवर्ड मोहोरबंद पाकिटात मालकाकडे द्यावा. सुट्टीच्या दिवशी सर्व्हरची केबल काढून ते खाते खरोखर चालते का, हे प्रत्यक्ष करून पाहावे.